ओढ्याच्या आठ फळ्या

वरच्या गावाहून फोन आला तेव्हा पाटकरी अंगणात उन्हात बसून पायाची नखं कापत होता.

"पाटकरी, काल इकडे धो धो कोसळलाय. ओढा दुथडी भरून सुटलाय. एक वाजेपर्यंत तुमच्याकडे पोचेल. फळ्या टाकून घ्या!"

पाटकऱ्याने वर पाहिलं. आभाळात औषधालासुद्धा ढग नव्हता. घड्याळात दहा वाजले होते.

गावाच्या वरच्या अंगाला ओढ्यावर दगडी बंधारा होता आणि त्याच्या मधोमध दारासारखी मोकळी जागा. तिच्या दोन्ही कडांना खाचा. त्या खाचांत आठ लांब फळ्या एकावर एक सोडल्या की दार बंद. मग पाणी तुंबतं, वर चढतं आणि बाजूच्या चरातून गावाच्या तळ्यात उतरतं. फळ्या नसल्या तर तेच पाणी दोन तासांत गावाला वाकुल्या दाखवून पुढे निघून जातं. ओढा असा चार-सहा वर्षांतून एकदाच यायचा. आला आणि अडवला तर दोन वर्षांची ददात मिटली. नाही अडवला तर पुन्हा टँकरच्या मागे हंडे घेऊन पळणं आलं. हे अडवण्याचं काम एकट्या पाटकऱ्याचं होतं. फळ्या ठेवायला त्याच्या घराशेजारी एक खास खोली बांधून दिली होती.

त्या खोलीत आज एकही फळी नव्हती.

यात त्याचा दोष होता, पण एकदम आठ फळ्यांचा नव्हता. कोरड्या वर्षांपैकी तिसऱ्या वर्षी सासूबाई पाठदुखी घेऊन राहायला आल्या. डॉक्टरांनी त्यांना कडक बिछान्यावर झोपायला सांगितलं. "त्या फळ्या नुसत्या पडल्यात की," बायको म्हणाली. दोन फळ्या गेल्या. हे शिंप्याने पाहिलं. "सासूची पाठ ती पाठ, आणि आमचं पोट ते काय?" असं म्हणून तो कापड बेतायच्या मेजासाठी तीन घेऊन गेला. मग न्हाव्याला बाकासाठी एक नाकारायची कोणत्या तोंडाने? "सगळ्या गावाला वाटताय, घरचेच काय परके?" म्हणून बायकोनेही एक स्वयंपाकघरात ठोकून घेतली. उरलेली एक पाणी समितीच्या अध्यक्षबाईंनी नेली, आणि ती तर सत्कार्यासाठी नेली, त्यामुळे पाटकऱ्याला उलट अभिमानच वाटला होता.

आज मात्र तो रिकाम्या खोलीच्या दारात उभा होता. नोकरीचं एक वेळ पाहता येईल, पण सहा वर्षांनी आलेलं पाणी आपल्यामुळे निघून गेलं तर या गावात तोंड कसं दाखवायचं, हे त्याला सुचेना.

सुरुवात त्याने घरापासून केली, कारण तिथे निदान बोलणी ओळखीची होती.

"अगं, ती फळी काढ."

"आणि डबे कुठे ठेवू? तुमच्या डोक्यावर?"

"पूर येतोय!"

बायकोने खिडकीतून बाहेरचं रखरखीत ऊन पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "उन्हात बसू नका म्हणून कितीदा सांगितलं तुम्हाला." पण त्याचा चेहरा पाहून तिने डबे खाली उतरवले.

सासूबाईंचं प्रकरण इतकं सोपं नव्हतं. त्या गादीवर पडल्या होत्या, गादी फळ्यांवर होती, आणि उठायला त्यांना पाऊण तास लागत असे.

"आई, जरा उठता का? फळ्या हव्यात."

"जावईबापू, डॉक्टर म्हणालेत हलायचं नाही."

"पूर येतोय हो."

"येऊ दे. मी काय त्याला अडवलंय?"

"तुम्ही नाही, पण तुमच्या खालच्या फळ्या अडवणार आहेत!"

शेवटी वाद घालण्यापेक्षा ओढणं बरं, असं ठरलं. शेजारच्यांनी दोन फळ्या, त्यांवरची गादी आणि गादीवरच्या सासूबाई हे सगळं जसंच्या तसं उचलून हातगाडीवर ठेवलं. सासूबाईंनी उशी नीट करून घेतली आणि गाडी हलताच रस्त्याने भेटेल त्याची विचारपूस सुरू केली. तीन वर्षांत त्या पहिल्यांदाच बाजारातून जात होत्या.

न्हाव्याने त्याची फळी विनातक्रार दिली. तिच्यावर बसून वाट पाहणाऱ्या तिघांनाही त्याने सोबत पाठवलं. "तसेही रिकामेच बसलेत," तो म्हणाला.

शिंप्याच्या मेजावर मात्र लग्नाचं कापड आखून ठेवलेलं होतं. "हे हललं की खडूच्या रेघा गेल्या," तो म्हणाला. "नवरीचा एक हात आखूड झाला तर निस्तरायला तू येणार का?"

"मास्तर, तळं कोरडं राहिलं तर त्या लग्नात पाहुण्यांना पाणी कोण पाजणार?"

शिंप्याने क्षणभर विचार केला, कापडाची घडी केली आणि फळ्या ओढून काढल्या. दोन लांब होत्या. तिसरी वीतभर आखूड होती.

"हिला काय झालं?"

"दुकानात मावेना," शिंपी टेपकडे बघत म्हणाला. "मग... बेतली."

पाटकऱ्याने कपाळावर हात मारला. रागवायलाही वेळ नव्हता. साडेअकरा झाले होते आणि अजून अध्यक्षबाई बाकी होत्या.

त्यांनी नेलेली फळी गावाच्या नाक्यावर दोन खांबांना ठोकलेली होती. तिच्यावर निळ्या अक्षरांत रंगवलं होतं : 'पाण्याचा थेंब न् थेंब अडवा.'

"फलकाला हात लावायचा नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "रीतसर उद्घाटन झालंय त्याचं. काढायचा तर समितीचा ठराव लागेल, आणि सभेला सात दिवसांची नोटीस."

"ताई, पाणी दीड तासात येतंय."

"मग आठ दिवस आधी सांगायचं."

उत्तर दिलं ते हातगाडीवरून सासूबाईंनी. "काय गं," त्या पडल्या पडल्या म्हणाल्या, "ती पाटी काय म्हणतेय ते वाचलंयस का कधी?"

अध्यक्षबाईंनी पाटी वाचली. मग इकडेतिकडे पाहिलं आणि पदर खोचून स्वतःच खिळे उपसायला घेतले.

साडेबाराला सगळी वरात बंधाऱ्यावर पोचली. तिथे कुणीतरी 'मावशी, एवढा हात द्या' म्हटल्यावर सासूबाई गादीवरून झटकन उतरल्या. त्यांच्या लेकीने ते पाहिलं आणि एका फळीचं टोक त्यांच्याच हातात दिलं. सात फळ्या खाचांत उतरल्या. आठवी, म्हणजे शिंप्याने बेतलेली, एका टोकाला खाचेत बसली आणि दुसऱ्या टोकाला वीतभर भगदाड राहिलं. चराचं तोंड बरोबर तेवढ्याच उंचीवर होतं. चरात शिरायचं ते सगळं पाणी या भगदाडातून पळणार, हे शिंप्यालाही कळलं. तो दुसरीकडे पाहू लागला.

तेवढ्यात वरच्या बाजूने घरघर ऐकू आली. कोरड्या वाळूवरून गढूळ पाण्याची जीभ काटक्या ढकलत सरकत येत होती.

"दगड लावा!" पाटकरी ओरडला. दगड लावले, पण फटी राहिल्या. कुणी गोणपाट कोंबलं, ते निसटून गेलं. पाणी पाचव्या फळीला लागलं, सहाव्या फळीला लागलं. पाटकऱ्याला रडू फुटायचंच बाकी राहिलं होतं.

"घ्या," मागून सासूबाई म्हणाल्या. त्यांनी गादीची गुंडाळी करून पुढे केली होती. "फळ्याच गेल्या, आता गादी काय पुजायचीय?"

कापसाची जाड गादी चौघांनी मिळून भगदाडात ठोसून बसवली आणि मागून दगडांचा टेकू दिला. पाण्याने तिला रेटलं तशी ती फुगून घट्ट झाली. सातव्या फळीवरचं 'थेंब न् थेंब' बुडून पाणी आठवीवर चढेपर्यंत कुणी श्वास घेतला नाही. मग पाणी वळलं, चरात शिरलं आणि तळ्याच्या दिशेने पळत सुटलं. म्हातारेकोतारे त्याच्या बरोबरीने काठाने धावू लागले. पाटकरी मात्र बंधाऱ्यावरच बसून राहिला आणि सगळ्यांदेखत रडला. त्याला फार आनंद झाला होता.

तिसऱ्या दिवशी पाटबंधारे कार्यालयातून साहेब पाहणीला आले. एव्हाना ओढा ओसरला होता आणि गाळातून सगळा पुरावा वर आला होता : निळी अक्षरं, स्वयंपाकघरातले खिळे आणि एक गादी.

"साहेब, खरं सांगतो," पाटकरी हात जोडून म्हणाला, "फळ्या खोलीत नव्हत्या. लोकांच्या घरी वापरात होत्या."

साहेबांनी फळीवरून बोट फिरवलं. "तेल कोण लावतं हिला?"

"न्हावी. म्हणजे मुद्दाम नाही, गिऱ्हाइकांच्या डोक्याचंच लागतं."

"आणि ही पुसून पुसून इतकी गुळगुळीत?"

"माझी बायको."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "ओढ्यावरच्या बाकीच्या पाचही गावांत फळ्या नियमाप्रमाणे खोलीत कुलूपबंद होत्या. कुलपं उघडली तर आत वाळवीने नुसता भुसा केलेला. पाचही तळी कोरडी राहिली. भरलं ते एकटं तुमचंच."

पंधरा दिवसांत आदेश आला. पाटकऱ्याची पद्धत उत्तम असून यापुढे फळ्या गावकऱ्यांच्या घरी वापरात ठेवाव्यात, मात्र प्रत्येकाकडून सोबतच्या अर्जावर सही घ्यावी.

पाटकरी अर्ज घेऊन मोठ्या उत्साहाने निघाला. शिंप्याने अर्ज वाचला आणि चष्मा काढला. "सही? म्हणजे उद्या ओरखडा उठला तरी मला धरणार. नको रे बाबा." न्हावी म्हणाला, "सरकारी वस्तू दुकानात नको." अध्यक्षबाईंनी ठराव लागेल असं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "मी फळीवर झोपेन, पण अंगठा देणार नाही." बायकोने तर अर्ज हातातही घेतला नाही. त्याने आठही फळ्या खोलीत रचल्या आणि कार्यालयाला प्रामाणिकपणे कळवलं, की सही करायला कुणी तयार नसल्याने फळ्या खोलीतच ठेवल्या आहेत.

त्याच संध्याकाळी शिंपी मागच्या दाराने आला. "सहीबिही काही नाही ना? मग तीन दे. कुणाला बोलू नकोस." त्याच्या पाठोपाठ न्हावी आला. अध्यक्षबाई अंधार पडायची वाट बघत कोपऱ्यावर उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी खोली झाडून काढायला मोकळी झाली.

आठवड्याने कार्यालयाचं पत्र आलं. पाटकऱ्याने ते दोनदा वाचलं.

"काय म्हणतायत?" फळीवरचा डबा काढत बायकोने विचारलं.

"फळ्या लोकांच्या घरी का ठेवल्या नाहीत, त्याचा लेखी खुलासा मागितलाय. नाही दिला तर कारवाई करतील."

"मग सांगून टाका ना, ठेवल्यात म्हणून."

"सांगितलं तर सह्या मागतील," पाटकरी म्हणाला आणि तळ्याच्या पाण्याचा पेला तोंडाला लावून खुलासा लिहायला बसला.