हिरवळीचा रकाना

१९७३च्या एप्रिलमध्ये आमच्या खात्याच्या विश्रामगृहासमोरील बागेत बाग आढळून आली नाही. तसा अहवाल मीच टाईप केला. तेव्हा मी नगरच्या कचेरीत टायपिस्ट होते.

बाग नव्हती असं नाही. दोन वर्षांपूर्वी कृपादान भालेराव या उद्यानरचनाकारांनी ती आखली होती. ते नगरचेच, परदेशात शिकून आलेले. कागदावर रेघ ओढण्याआधी आठ दिवस ते उतारावर नुसते हिंडले. पावसाचं पाणी कुठून येतं, कुठे पळून जातं, ते बघत. मग त्यांनी उताराला आडवे दगडी बांध घातले, मध्ये उथळ चर खणले. जुने कडुनिंब राखले. तरवड, हिवर, बोर ही कोरड्या रानातली झाडं लावली.

"ही बाग पाणी मागणार नाही," ते म्हणाले. "उलट देईल."

हे विहित नमुन्यात नसल्याने कुणी लिहून घेतलं नाही.

बहात्तरला पाऊस जवळजवळ फिरकलाच नाही. आसपासच्या विहिरी आटल्या. बागेखालच्या वस्तीतली, लंकाबाईच्या घरामागची विहीर तेवढी टिकली. पडल्या त्या चार सरी बागेने तिच्यात उतरवल्या होत्या. चाळीस घरं तिच्यावर तगून होती.

अशात तपासणीला सूर्यभानसाहेब आले.

"हिरवळ कुठे आहे, मिस्टर भालेराव?"

"साहेब, एप्रिल आहे. कडुनिंबाचा मोहर बघा ना."

"ही झाडं रानात असतात. ती बागेत धरता येत नाहीत."

"का?"

"मग रानात काय धरायचं?"

सबब हिरवळ, गुलाब व कारंजे करावे असं ठरलं. पण जवळ खात्रीचं पाणी असल्याशिवाय हिरवळ मंजूर होत नसे. भालेरावांना जरा हायसं वाटलं. साहेबांनी विहिरी तपासल्या आणि एका विहिरीत पाणी सापडलं. 'भर दुष्काळातही पाणी उपलब्ध,' असा दाखला मी तीन प्रतींत टाईप केला.

हिरवळीला जमीन सपाट लागते. म्हणून बांध मोडायचं काम दुष्काळी कामात धरलं. त्यावर वस्तीतलीच माणसं लावली. लंकाबाई घमेलं टाकून विश्रामगृहाच्या व्हरांड्यात मांडलेल्या माझ्या टेबलाशी आली.

"बाई, या बांधामुळं आमच्या इहिरीला पानी हाय. त्येच मोडायचं, आन वर इहिरीतलं पानी गवताला? ते गवत जनावरं तरी खानार हायेत का?"

"जनावरांना आत मनाई आहे," मी म्हणाले.

"मंग आमी काय प्यावं? येवढं टाईप करताय, येक वळ आमची बी टाका की."

"तसा रकाना नाही, लंकाबाई."

खरंच नव्हता. मी पुन्हा पाहिलं होतं.

विहीर तीन आठवड्यांत आटली. हिरवळीला खात्याच्या बाग-स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. वस्तीला टँकर मंजूर झाला. तो आधी कारंज्यापाशी थांबे, कारण तिथवरच रस्ता चांगला होता. भालेराव पुन्हा आले नाहीत.

पन्नास वर्षं झाली. परवा आमच्या सोसायटीच्या सभेत हिरवळीसाठी उन्हाळाभर टँकर आणण्याचा ठराव आला. मला लंकाबाई आठवली, घमेल्यासकट. तरीही मी हात वर केला. खिडकीतून बरं दिसतं. मग लाजून मागे वळून पाहिलं, तर, वाचकहो, तुमचा हात माझ्याहून उंच होता.