गुणाजीकाकांचा तिसरा अंक

गुणाजीकाकांनी मला आजवर चार वेळा मारलं आहे. दोनदा गोळी घालून, एकदा फासावर चढवून आणि एकदा विष देऊन. हे सगळं आमच्या लाटंबार्सेच्या जत्रेतल्या नाटकात, अख्ख्या गावाच्या साक्षीने. चौथ्या वेळी मी मेल्यावर शिंकलो. तेव्हापासून त्यांनी मला विंगेत उभं केलं आणि हातात नाटकाची वही दिली. आता मी प्रॉम्प्टर.

काका खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. खाण बंद पडली, काका घरी बसले आणि मोबाइलवर काउबॉयचे सिनेमे बघू लागले. इंग्रजीचा गंध नाही. विचारलं तर म्हणतात, "गुळी सगळ्या भासांनी सारकीच वाजता."

जत्रेचं नाटक दरवर्षी काकाच लिहितात, त्यामुळे त्यांच्याशी वाकडं वागणाऱ्याचं काही खरं नसतं. पोदेराने पाव उशिरा आणले की हे दारातूनच ओरडतात, "तुका दुसऱ्या अंकांत मारतां!" वीज खात्यातल्या साहेबालाही हेच सांगून आले. साहेबाने निमूटपणे नाटकाची तारीख विचारून घेतली.

यंदाचं नाटक 'गुलामाचा सूड'. स्थळ अमेरिका. एक गुलाम, त्याचा क्रूर मालक आणि अठरा खून. कलाकार अकराच, म्हणून काही जणांना दोनदा मरावं लागणार होतं. रक्त म्हणून भिरंडांचं, म्हणजे कोकमाचं, आगळ वापरायचं ठरलं. पहिल्याच तालमीत एक मेलेला माणूस ओठ चाटताना सापडला.

घोड्यांचा प्रश्न त्याहून मोठा. गावात घोडे आहेत, पण ते लाकडी. शिगम्यात घोडेमोडणीला कमरेला बांधून नाचायचे. ते काउबॉयच्या कमरेला? जाणती मंडळी बिथरली. शेवटी देवीला कौल लावला. देवीने उजवा दिला. तेव्हापासून काका देवीला वेस्टर्नची जाणकार समजतात.

मला खटकला तो तिसरा अंक. त्यात गुलाम मालकाला फणसाच्या झाडाला बांधतो, चाबकाने फोडतो आणि जिवे मारतो.

"काका, अमेरिकेंत पणस खंय?"

"तूं पुस्तक धर. झाड हांव लायतां."

मी वही धरली. तो फणस कुठला ते गावाला ठाऊक आहे. काकांचे वडील मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर राहायचं आणि तो बोलावील तेव्हा राबायचं. एकदा त्यांनी न विचारता एक फणस काढला. तेव्हाच्या भाटकाराने त्यांना त्याच झाडाला बांधून मारलं. काका सात वर्षांचे होते, बाजूलाच उभे होते. आजवरची सगळी नाटकं ही या एका अंकाची तयारी होती, असं मला तरी वाटतं.

गुलामाचं काम काका स्वतःच करणार होते. मालकाचं मात्र कोणी घेईना. चाबूक खरा होता. तालमीला रोज एक म्हातारा मागच्या बाकावर येऊन बसायचा. तो त्या भाटकाराचा मुलगा, बाबू भाटकार. वय ऐंशीला टेकलेलं, मुलं पोर्तुगालला, घरात एकटा. तोच उठून म्हणाला, "मालक हांव करतां." काकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. मला त्या क्षणी काकांची भीती वाटली.

रविवारी दुपारी तिसऱ्या अंकाची तालीम लागली. फणसाचं झाड अजून तयार व्हायचं होतं, म्हणून काकांनी भाटकाराला देवळाच्या खांबाला बांधलं आणि चाबूक उगारला. तेवढ्यात भाटकार बोलला. वहीत त्याला तिथे वाक्यच नव्हतं.

"गुणाजी, दोर घट्ट ओड. तुज्या बापायक असो ढिलो बांदूंक नाशिल्लो. हांव थंयच आशिल्लों. रडलों म्हूण माकाय एक थापट पडली."

काकांचा हात तसाच वर राहिला. मग त्यांनी चाबूक खाली टाकला, दोर सोडला आणि त्या म्हाताऱ्याला हाताला धरून बाकावर बसवलं. स्वतः शेजारी बसले आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडून वही घेऊन त्यांनी मालकाचं मरण खोडून टाकलं. हल्ली दुपारी ते भाटकाराकडे जातात. भाटकार त्यांना त्यांच्या वडिलांच्या गोष्टी सांगतो: ते माडावर कसे सरसर चढायचे, वर बसून आरत्या कशा म्हणायचे, लहानग्या बाबूला आडसर, म्हणजे शहाळं, सोलून कसं द्यायचे. यातलं निम्मं काकांनाच आठवत नव्हतं.

मी विचारलं, "काका, ताका माफ केलो?"

"माफ? ना रे," काका म्हणाले. "पूण ताका मारलो जाल्यार म्हज्या बापायक वळखपी गांवांत आनीक कोण उरता?"