गराडेसरांचे दोन रकाने

गराडेसरांना कुणी गेल्याची बातमी सांगायची सोय नाही. आपण पडलेल्या चेहऱ्यानं सांगावं, "सर, आमच्या शेजारचे अण्णा गेले." सर क्षणभर डोळे मिटतात आणि म्हणतात, "गेले, हे कळलं. कशानं गेले ते सांगा." म्हातारपणानं म्हटलं की मान डोलावतात, "नैसर्गिक." ट्रकनं उडवलं म्हटलं की, "म्हणजे ओढलेले."

यात दुष्टपणा अजिबात नाही. सरांच्या लॅपटॉपमध्ये एक तळं आहे, त्याचा हा परिणाम.

माझं कामशेतला झेरॉक्सचं दुकान आहे. सरांनी मला शाळेत गणित शिकवलं, निदान प्रयत्न केला. निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, नातवंडं खेळवतात. सरांनी इंटरनेटवरून एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं. त्यात मासे जन्मतात, वाढतात, पिल्लं घालतात आणि मरतात. किती मासे धरले जातात तो आकडा आपण घालायचा, बटण दाबायचं, की दहा वर्षं निघून जातात आणि तळ्यात काय उरलं ते दिसतं. जन्मात मासा न खाल्लेला हा माणूस दिवसभर त्यांचं मरण मोजत बसतो.

"मासा दोन तऱ्हांनी मरतो," सर मला कितव्यांदा तरी समजावतात. "एक आपोआप. वय, रोग, नाहीतर पाणकावळा खातो. दुसरा माणसानं ओढलेला. दोन रकाने. मिसळले की सगळं गणित खोटं."

हे दोन रकाने मग सगळीकडे लागू झाले. माझ्या दारातल्या झाडाचे पेरू पोपटांनी खाल्ले तर नैसर्गिक, शाळेच्या पोरांनी पाडले तर ओढलेले. स्वतःच्या टकलावर हात फिरवत एकदा म्हणाले, "पुढचे नैसर्गिक आहेत. मागचे तुमच्या वर्गानं ओढले."

एकदा ते दुकानात आले तेच पडेल चेहऱ्यानं. "तळं संपलं," एवढंच म्हणाले. माझ्याकडचं गिऱ्हाईक घाबरून धरणाजवळच्या पाहुण्यांना फोन लावायला लागलं. संपलं होतं ते लॅपटॉपमधलं. आकडा थोडा जास्त पडला आणि आठव्या वर्षी शेवटचा रोहू गेला होता. सरांनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

वडिवळ्याच्या अलीकडे एक छोटा तलाव आहे. तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या दत्ताभाऊंना सरांचा हा नाद कळला. तलावात बोटाएवढी पिल्लं भरपूर दिसायची, पण मोठा मासा काही मिळेना. दत्ताभाऊ दुकानातच येऊन सरांना म्हणाले, "सर, तुमी मोजा. बारीक जाळीनं पिल्लं कोन वढतंय त्ये कागदावर येऊंद्या. ज्याचं नाव येईल त्येचं पानी बंद, तलावात उतरायचंच न्हाई. तुमच्याम्होरं कोन बोलतंय?" निम्मी सोसायटी सरांचीच विद्यार्थी होती.

सरांनी चार महिने मोजलं. कुसगावच्या घरून स्कूटरवरून जायचे, शाळेच्या पट्टीनं मासे मोजायचे आणि पाण्यात परत सोडताना त्यांना "बरं, या आता" म्हणायचे. बारीक जाळीवाले चौघे सापडले. तरी गणित जुळेना. पलीकडच्या एका खोबणीतली, म्हणजे काठ आत वळतो त्या कोपऱ्यातली, पिल्लं कमीच भरत होती. सर तीन दिवस तिथं छत्री धरून बसले.

सोसायटीच्या सभेच्या दिवशी दुपारी ते दुकानात आले. मी कागद छापला. 'ओढलेले' या रकान्यात पाच नावं होती. शेवटचं होतं, सखूमावशी, जुनं लुगडं.

सखूमावशी खोबणीच्या काठावर एकटी राहते. सोसायटीची सभासद नाही. लुगड्याची झोळी करून पाण्यात उतरते आणि ओंजळभर पिल्लं काढते. लुगड्यापेक्षा बारीक जाळी जगात नाही.

सर कागद हातात धरून स्टुलावर बसून राहिले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मी विचारलं, मावशी, किती धरता? म्हणाली, एका वक्ताचं कालवन व्हईल येवढं. म्हटलं, रोज? तर म्हणाली, भूक रोजच लागती न्हवं?"

सरांनी लॅपटॉप उघडला, बराच वेळ खुडबुड केली आणि म्हणाले, "पुन्हा छाप."

नव्या कागदावर चारच नावं होती. मावशीचा आकडा मात्र पुसलेला नव्हता. तो शेजारच्या रकान्यात गेला होता. ज्या माणसानं अर्ध्या मार्कासाठी मला एक वर्ष त्याच वर्गात बसवलं, त्यानंच तो तिकडे सरकवला होता.

मंदिराच्या ओट्यावरच्या त्या सभेला मी मुद्दाम गेलो. चौघांचं पाणी बंद झालं, कुणी हूं की चूं केलं नाही. मग दत्ताभाऊंचं बोट कागदावर एका जागी थांबलं. "सर, त्या खोबनीत आपोआप येवढी मरत्यात?"

सर उभे राहिले. खोटं बोलायची सवय नसल्यानं त्यांचा आवाज चिरकला. "तिथं एक जीव आहे. काठावर राहतो. पोटापुरतं घेतो, विकत नाही, साठवत नाही. असा जीव मासेमारीत धरत नाहीत."

खोबणीच्या काठावर कोण राहतं हे काय कुणाला ठाऊक नव्हतं? दत्ताभाऊंनी कागदाची घडी केली आणि खिशात घातली. "व्हय. हाय खरं तसा," ते म्हणाले. "ऱ्हाऊंद्या."

सभेनंतर मी सरांना खोबणीपर्यंत सोडलं. मावशी दारातच उभी होती, सकाळपासून उभी असावी. "सर, माजं पानी बंद झालं का?"

"तुमचं नावच निघालं नाही, मावशी."

तिनं पदर तोंडाला लावला. मग आत जाऊन तिनं ताट आणलं. भाकरी, ठेचा, कांदा. "बसा. उपाशीपोटी आला असाल."

सरांच्या पत्नी गेल्यापासून, सहा वर्षं, सर स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. कधी जेवायला बोलवावं, तर नको म्हणतात. आपल्यासाठी कुणाला तसदी पडलेली त्यांना चालत नाही. त्या दिवशी ते ओट्यावर मांडी घालून बसले. मावशी भाकरी मोडून देत होती, ते मान खाली घालून जेवत होते.

ताट रिकामं झालं तेव्हा सर हळूच म्हणाले, "अजून एक भाकरी आहे का?"