तामलवाडीला गेलेला डबा

एकतीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. छत्र्या, पिशव्या, एकदा तर जिवंत कोंबडी! लोक वाट्टेल ते गाडीत विसरले आणि मी ते ज्याचं त्याला पोचवलं. माझी स्वतःची वस्तू मात्र कधी कुठं विसरली नाही. हे मी छाती पुढं काढून सांगत आलोय. म्हणजे मागच्या बुधवारपर्यंत सांगत होतो.

माझी बायको कुलसुम गेली त्याला आठ महिने झाले. मी कळंबच्या घरात नुसता बसून असतो, म्हणून पुण्याहून आमच्या लेकीनं, निखतनं माझ्या मोबाइलमध्ये एक खेळ घालून दिला. त्यात पेटी, खजिना असं काही लपवलेलं नसतं. एखाद्या जुन्या वास्तूला जायचं, तिथं गेल्याशिवाय कळणार नाही अशा प्रश्नाचं उत्तर शोधायचं, आणि आपली एक ठरलेली वस्तू तिथं ठेवून फोटो पाठवायचा. मी वस्तू ठरवली कुलसुमचा स्टीलचा डबा.

कारण सांगतो. नळदुर्गच्या किल्ल्याशेजारून माझी गाडी हजार वेळा गेली. कुलसुम म्हणायची, एकदा मला उतरून दाखवा. मी म्हणायचो, रजा मिळू दे. रजा मिळायची आणि मी झोपायचो. आता तिला नाही, तर निदान तिच्या डब्याला तरी किल्ला दाखवावा.

बुधवारी डब्यात भेंडी-चपाती घेऊन नळदुर्ग गाठलं. प्रश्न होता, उपळी बुरुजाला पायऱ्या किती? चढताना मोजल्या, उतरताना मोजल्या, आकडे वेगवेगळे आले. धावत्या गाडीत उभी माणसं मोजण्यात माझं आयुष्य गेलं, आणि जागच्या जागी असलेल्या दगडी पायऱ्या हुकल्या! पुन्हा चढलो. वर तोफेवर डबा ठेवला, फोटो काढला आणि पायऱ्या मोजत खाली आलो. आकडा विसरू नये म्हणून तो पुटपुटत, कुणाशी न बोलता थेट स्टँडवर. निखतला फोटो आणि आकडा पाठवला. मग भूक लागली, आणि हाताला डबा लागेना.

कसा पळत गेलो ते माझ्या गुडघ्यांना विचारा. दारावरचा रखवालदार शांतपणे म्हणाला, "काका, डबा गेला की घरी."

"कुणाच्या घरी?"

"तामलवाडीला."

आमच्याकडं लग्नात भांडं देणारा त्यावर नाव घालून देतो. हा डबा कुलसुमच्या शाळेतल्या मैत्रिणीनं दिलेला. पस्तीस वर्षांच्या घासणीत 'यांजकडून सप्रेम भेट' आणि कुलसुमचं नाव पुसून गेलं होतं. उरलं होतं फक्त 'लक्ष्मीबाई बब्रुवान, तामलवाडी'. गाडीतून आलेल्या कुण्या भल्या माणसांनी ते वाचलं. तुळजापूर करून सोलापूरला जाताना गाव वाटेतच लागतं, देऊन टाकू म्हणाले. अगदी माझ्यासारखीच माणसं. अशा माणसांचा राग येतो हे मला पहिल्यांदाच कळलं.

दोन गाड्या बदलून तामलवाडीला पोचेपर्यंत एकच घोर होता. लक्ष्मीबाईंची आणि आमची पंधरा वर्षांत गाठ नव्हती. कुलसुम गेल्याचं त्यांना कुणी कळवलं नव्हतं. कुणी म्हणजे मीच.

लक्ष्मीबाई ओसरीवर बसल्या होत्या. डबा घासूनपुसून शेजारी ठेवलेला.

"या दाजी. डबा पुढं धाडला अन् तुमी मागनं? कुलसुम कुठाय?"

मी चपला काढतोय तोवर त्याच म्हणाल्या, "तिला सांगा, भेंडी लई चिकट झालती. हात बिघडला तिचा."

"भेंडी मी केलती," मी म्हणालो. "ती आता करत न्हाय."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "कवापास्नं?"

"आठ महिने झाले."

लक्ष्मीबाईंनी डबा ओढून मांडीवर घेतला आणि पदरानं पुसायला लागल्या. पुसलेलाच डबा किती तरी वेळ पुसत होत्या.

मग डबा घेऊन आत गेल्या. रिकामं भांडं परत देत नाहीत, म्हणून धपाटे आणि शेंगाची चटणी भरून आणली. निघताना म्हणाल्या, "भेंडी धुतल्यावर कोरडी करून चिरायची, दाजी. अन् पुढल्या बारीला मलाबी न्या किल्ल्याला. म्या तरी कुठं बघितलाय."

ती बारी लगेच आली. फोटो बघून निखतचा फोन आला, "अब्बा, नुसतं तुमचं बोट दिसतंय." म्हणजे पायऱ्या पुन्हा चढणं आलं.

या वेळी आधी डबा भांड्यांच्या दुकानात नेला. दुकानदार सिद्रामप्पानं नाव घालायचं मशीन उचललं. नाव काय घालू? म्हटलं, कुलसुमबी सादिक, कळंब. हरवला तर फोन कुठं करायचा? मी नंबर घडाघडा सांगितला.

घरी येऊन वाचलं तेव्हा लक्षात आलं, नंबर तिचा आहे. मला माझा कधी पाठच नव्हता.

डबा पुन्हा हरवला तर फोन तिलाच यायचा. म्हणून तिचा मोबाइल आता रोज चार्जिंगला लावतो.