सिद्रामअण्णांची बोटपरीक्षा

आमच्या मंगळवार पेठेतले सिद्रामअण्णा सोनार पुरुषांना नमस्कार करत नाहीत. सरळ हात धरतात, काउंटरवर पसरतात आणि अंगठीचं बोट लांब की अंगठ्याजवळचं, ते ताडून बघतात. अंगठीचं लांब निघालं तर, "लई भारी! पाळणा बगून ठेवा की!" आखूड निघालं तर आवाज खाली येतो, "डॉक्टरला दाखवून घ्या."

दूधवाला सुटला नाही, सिलिंडरवाला सुटला नाही. बार्शीचा एक नवरामुलगा साखरपुड्याची अंगठी घ्यायला आला, तर अण्णांनी होणाऱ्या सासऱ्यादेखतच त्याचं बोट आखूड ठरवलं. अंगठी राहिली बाजूला, दुकानातच दोन्हीकडची जुंपली.

"आईच्या पोटातच ठरतंय बगा," अण्णा सांगतात. "तितं पोराला कसलासा रस मिळतोय. जास्त मिळाला की ह्ये बोट लांब, आन् पुढं वंशाला काळजी न्हाय." हे ज्ञान मोबाईलवरचं. बायको, गंगाक्का, गेल्यापासून त्यांना तोच सोबतीला. पोरबाळ नाही. गिऱ्हाईक उठायला लागलं की म्हणतात, "बसा की, च्या सांगतो." चहा पिऊन झाला तरी सोडत नाहीत.

आमच्या प्रकाशला, म्हणजे माझ्या दिराला, मूल नाही. त्यापायी आमच्या सासूबाईंनी रेखाला, त्याच्या बायकोला, उपासांनी पार वाळवली होती. सोमवार झाले, गुरुवार झाले, अक्कलकोटच्या खेपा झाल्या. सगळ्या तपासण्याही तिच्याच. आता सासूबाई प्रकाशच्या दुसऱ्या लग्नाचं उघड बोलायला लागल्या होत्या आणि रेखा माहेरी जायची पिशवी भरून बसली होती.

अशात प्रकाश घट्ट झालेली अंगठी सैल करायला अण्णांकडे गेला. अण्णांनी हात पसरला. "आखूड हाय. बायकूला किती नाचवतोस? आदी तू जा."

प्रकाश अंगठी तिथंच टाकून घरी आला तो थयथयाट करतच. "त्या म्हाताऱ्याला खोटा पाडतो का नाही बघा!" आणि खरंच, निव्वळ त्या रागात जाऊन तपासून आला. दोष त्याच्यातच निघाला. डॉक्टर म्हणाले, औषधं घेऊन बघू. प्रकाश औषधं घेऊन घरी आला. मग सासूबाईंसमोर उभं राहून एवढंच म्हणाला, "आई, रेखाचे उपास बंद." तिची पिशवी त्यानंच रिकामी केली.

अंगठी आणायला मी गेले. मनात म्हटलं, गुण आला असेल, पण चारचौघांत माणसाची अब्रू काढायची ही कुठली रीत? आज म्हाताऱ्याला धारेवरच धरायचं.

"अण्णा, डॉक्टर हसले. म्हणाले, बोटावरून असं कुणाचं काही कळत नसतं."

"मला म्हायती हाय की."

"मग हा तमाशा कशाला?"

अण्णा अंगठी पुसत राहिले. "बोट दाखव म्हटलं की गडी हात पुढं करतोय, ताई. तपासून घे म्हटलं की अंगावर येतोय. मी बी गेलोतो की गंगीच्या अंगावर. एकदाच म्हणलीती बिचारी, तुमी बी दाखवून घ्या म्हणून. दोन दिवस जेवलो न्हाय मी. पुन्हा तिनं नाव काढलं न्हाय."

मी समोरच्या स्टुलावर बसले.

"गल्लीत कुणाचं डोहाळजेवण असलं की तिला बोलवत न्हवते. ही दार लावून आत बसायची, आन् मी हितं दुकानात." अंगठी पुसून कधीच झाली होती, तरी ते पुसतच होते. "गेली तवा उंबऱ्यात बायका म्हणल्या, वांझच गेली बिचारी. मी तितंच हुतो, ताई. ती न्हवं, मी आसंन, एवढं बी तोंडातनं निघालं न्हाय."