आईला खाली नेण्याचा सामंजस्य करार

आईला तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरायचं होतं. मागणी एवढीच. तिच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. समोरच्या इमारतीत, बरोबर समोरच्या खिडकीत, तिची धाकटी बहीण राहायची. गुडघे तिचेही त्याच घराण्यातले. त्यामुळे दोघी रोज सकाळी आपापल्या खिडकीतून एकमेकींशी ओरडून बोलत, आणि कुणाची पाठ धरलीय, कुणाचा जावई रुसलाय, हे सगळ्या गल्लीला कळे. आता मात्र धाकटी शनिवारी कायमची लेकीकडे निघाली होती; तिला जावई उचलून खाली आणणार होता.

"त्याआधी एकदा खालच्या बाकावर तिच्या शेजारी बसू दे मला," आई मुलाला म्हणाली. "सगळंच काही ओरडून सांगता येत नाही रे. तू आणि शेजारचा सुतार, दोघांनी खुर्ची धरली की झालं."

चिरंजीव 'जगभर हातभार' या आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेत भागीदारी विभागाचे प्रमुख होते. इतक्या सोप्या उपायाने त्यांना मनापासून वाईट वाटलं.

"आई, मी उचललं तर ते घरकाम. संस्थेने उचललं तर सेवा. शिवाय स्वतःच्याच आईची सेवा म्हणजे हितसंबंध आले. नियमात बसत नाही."

"मग सुताराला सांग."

"तो कुणाशी संलग्न आहे?"

"बायकोशी," आई म्हणाली.

तरी मुलगा गुणाचा. त्याने आईला वाऱ्यावर सोडलं नाही, प्रकल्प म्हणून हाती घेतलं. जिना हा विषय पायरी अभ्यास केंद्राचा, खुर्ची हा विषय आसन परिषदेचा, आणि आई हा विषय मातृमंचाचा. तिघांशी करार झाले. या तिघांच्या आपापल्या संलग्न संस्था होत्या, त्यांना वगळलं तर त्या रुसणार, म्हणून त्यांच्याशीही झाले. करार करणाऱ्यांना पेढ्या-फुलांऐवजी एकच गोष्ट हवी होती: फलकावर नाव, आणि तेही इतरांइतक्याच मोठ्या अक्षरात. कुणाचंही अक्षर लहान करायची सोय नसल्याने फलकच मोठा करत न्यावा लागला. शेवटी तो गच्चीवरून खाली सोडला, तेव्हा दर्शनी बाजूच्या सगळ्या खिडक्या त्याच्यामागे गेल्या.

"अरे, मला धाकटी दिसत नाहीये!" आई आतून ओरडली.

"दृश्यमानता हा आपल्या प्रकल्पाचा गाभा आहे, आई."

"कुणाची?"

तेवढ्यात चिरंजीवांना फोन आला.

गुरुवारी त्याने बॅग भरायला घेतली. दूरच्या एका देशात, चौथ्या मजल्यावर, एका गृहस्थांची आई अशीच अडकली होती. तिला उतरवायला हा तिकडे जाणार होता, आणि ते गृहस्थ हिला उतरवायला इकडे येणार होते.

"म्हणजे त्याची आई तू उतरवणार, आणि तुझी तो?"

"याला देवाणघेवाण म्हणतात."

"आमच्या वेळी याला वेड लागणं म्हणायचे," आई म्हणाली. "स्वेटर घेतलास ना?"

शनिवारी सकाळी परदेशी पाहुणा आला. खांदे असे, की आईला खुर्चीसकट एका दमात खाली नेईल. मोठा भला माणूस. संस्थेने त्याला 'नमस्कार' आणि 'धन्यवाद' असे दोन शब्द शिकवून पाठवलं होतं. दोहोंच्या मध्ये जे काम करायचं असतं, त्यासाठी लागणारा एकही शब्द शिकवला नव्हता. सुतारही हात पुसत दारात आला, "चला काकू" म्हणाला. पण गळ्यात ओळखपत्र नाही म्हणून त्याला बाजूला उभं केलं.

पाहुण्याने नमस्कार केला, खुर्ची उचलली आणि तो जिन्यापाशी येऊन थांबला. जिन्यात उतरायला जागाच नव्हती. पायरीपायरीवर एकेका भागीदार संस्थेचा प्रतिनिधी उभा होता, हातात गुच्छ घेऊन. खालच्या पायरीवर उभं राहणं हा आपल्या संस्थेचा अपमान आहे, असं सगळ्यांचंच म्हणणं होतं, त्यामुळे वरच्या पायरीवर तर तिघे होते.

"जरा सरका हो," आई म्हणाली.

"दोन शब्द बोलून लगेच सरकतो," वरच्या पायरीवरचे तिघे एकदमच म्हणाले.

भाषणं सुरू झाली. आसन परिषद बोलली, मातृमंच आईविषयी बोलताना रडला. तेवढ्यात खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला.

"ताई! ए ताई!" फलकाच्या पलीकडून धाकटीचा आवाज आला. "कुठे आहेस गं? दिसत का नाहीस?"

"थांब गं! येतेय मी! जाऊ नकोस!" आई जीव खाऊन ओरडली.

जिन्यातल्या मंडळींना ते फार आवडलं. लाभार्थी स्वतःहून बोलली म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबेपर्यंत टॅक्सी गेलेली होती.

पाहुण्याने खुर्ची हळूच खाली ठेवली. 'धन्यवाद' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्याने आपल्या घरी व्हिडिओ कॉल लावून फोन आईसमोर धरला. पडद्यावर एक म्हातारी खुर्चीत बसली होती. तिच्यामागे, चौथ्या मजल्यावरच्या जिन्याच्या तोंडाशी, आमचे चिरंजीव माइकवर बोलत होते. स्वेटर घातलेला नव्हता.

"उतरलात का हो?" आईने विचारलं.

म्हातारीला भाषा कळली नाही, प्रश्न कळला. तिने नकारार्थी मान हलवली. मग दोघी बराच वेळ एकमेकींकडे पाहत बसल्या.

अहवालात प्रकल्प यशस्वी ठरला. राहता राहिलात आपण. आपण ही हकीकत इथवर वाचलीत, मध्ये कुठेतरी "अरेरे, बिचारी" म्हणालात, आणि जागचे हलला नाहीत. संस्थेच्या नियमांत याला दूरस्थ सहभाग म्हणतात. त्यामुळे आपलंही नाव, इतरांइतक्याच मोठ्या अक्षरात, फलकावर घेतलं आहे. दर्शनी बाजूला जागा उरली नव्हती. पण मागच्या बाजूला आईच्या स्वयंपाकघराची खिडकी अजून उघडी होती.