तीन दौलतींचा तह आणि एलियाबाबांचा कान

॥ जो सैन्यांचा धनी, ज्याने आधी प्रकाश केला आणि मग बाकी सर्व केले, त्याचे चरणी मस्तक ठेवून ॥

शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, कार्तिक मासी, आदित्यवारी, आमचे चर्चच्या राज्यात जे अद्भुत वर्तले, ते सेवकाने तिसऱ्या बाकावर पंख्याखाली बसून डोळां देखिले, कानी ऐकिले, तेच लिहितो. राज्य लहान, परंतु मातबर. आणि त्यात दौलती तीन. पहिली धर्मपीठाची, तेथे पाळकसाहेब रेव्हरंड शमुवेल अमोलिक विराजमान. वाणी गोड, विद्या थोर, एकच खोड की रंगात आले म्हणजे दर चांगल्या वाक्याअंती आपणच 'आमेन' म्हणावे. दुसरी गायनाची, तिच्या सरदार मार्थाबाई रणपिसे. यांचे पदरी गिटार, कीबोर्ड, ड्रम आणि गायकांचे पथक. आणि बाई एकदा कडव्यात शिरल्या म्हणजे माघारी कधी फिरतील याचा भरवसा नाही. तिसरी यंत्राची, मागील भिंतीशी काचेचे कोठडीत तीतस मकासरे मिक्सरचे बटणांवर अंमल करीत. माइक कोणाचा उघडावा, कोणाचा मिटावा, ही सर्व मुखत्यारी त्यांची. पाळकसाहेबांचा सूर जन्मापासून उनाड, सबब गाणे सुरू जाहले की प्रथम त्यांचा माइक मिटावा, हा त्या कोठडीचा जुना शिरस्ता. आणि प्रार्थनेअंती 'आमेन' जाहले की धर्मपीठ मिटून गायकांस उघडावे, हा दुसरा. तालमीस शनिवारी एकटे गायक येत, आणि तीतसराव रविवारी घंटेबरोबर येत, आणि पाळकसाहेब काय बोलणार हे प्रभूस ठाऊक, क्वचित पाळकसाहेबांसही.

मग कलह जाहला तो ऐसा. भाद्रपदातील एका रविवारी पाळकसाहेब प्रार्थनेस उभे राहिले, आणि आजाऱ्यांसाठी मागणे मागता मागता गहिवरून मध्येच 'आमेन' म्हणाले, आणि पुढे परीक्षार्थींकडे वळले. इकडे कोठडीत तीतसरावांचा हात शिरस्त्याप्रमाणे चालला. धर्मपीठ मिटले, गायक उघडले, आणि मार्थाबाईंनी माइक उघडल्याचा लाल दिवा पाहताच पद उचलिले. पाळकसाहेबांचे ओठ हलतात, ड्रम दणाणतो, मंडळी निम्मी डोळे मिटून, निम्मी टाळ्या वाजवीत. असा बेबनाव जाहला की काय सांगावे! उपासना सुटताच तिघे समोरासमोर आले.

पाळकसाहेब बोलिले, "अहो मकासरे, माझी प्रार्थना संपली नव्हती!"

"साहेब, आमेन म्हणजे आमेन. आमेननंतर मी अजून कशाची वाट बघायची?"

"आणि मार्थाबाई, तुम्हाला दिसत नव्हतं का मी बोलतोय ते?"

"दिसत होतं ना. पण साहेब, तुम्ही दिसता तसे रोजच बोलताना. माइक उघडला, आम्ही गायलो."

मग काय विचारता! त्या दिवसापासून दौलती फुटल्या. मार्थाबाईंनी घरचा स्पीकर आणून गायकांपुढे मांडिला. तीतसरावांनी कोठडीचे दारास आतून कडी घातली. आणि पाळकसाहेब माइकाविण, केवळ घशाचे बळावर उपदेश करू लागले. नव्या पिकाचे आभार मानण्याचा हंगामाचा सण तोंडावर आला. मंडळी कणसे, भोपळे, कोंबड्या घेऊन येणार, आणि राज्यात तर कोणी कोणाशी बोलेना.

ऐसे असता सणाआधीचे शनिवारी, वेदीमागील खोलीत, सणाचा क्रम कोणाचे मर्जीने चालावा यावर तिघांचे रण माजले असता, एलियाबाबा साळवे काठी टेकीत आत पावले. हे या राज्याचे जुने पेटीवाले. हंगामाचे पद यांनीच रचिले, चाल यांनीच बांधिली, आणि बोटे थरथरू लागेतोवर यांनीच वाजविले. आता उजवा कान बंद, डावा जेमतेम. लेक सुवार्ताबाई नागपुराहून नेण्यास आली होती, आणि सण होताच सोमवारी बाबांनी कायमचे जावे ऐसे ठरले होते. बाबा खुर्चीवर बसले आणि बोलिले,

"पोरांनो, तुमचं भांडण मला ऐकू येत नाही, ते एक बरंच झालं. पण मी सोमवारी चाललो. परत काही यायचा नाही. जायच्या आधी माझं पद एकदा कानात पडू द्या. दर हंगामाला नुसते तुमचे ओठ हलताना बघतो रे मी."

हे ऐकून तीतसराव प्रथम बोलिले, "मिक्सरवरनं वायर टाकून बाबांना हेडफोन देतो. पण ड्रम असला तर सगळा गोंगाटच जाईल कानात."

"मग ड्रम नको," मार्थाबाई बोलिल्या. "पेटी आणि तबला. बाबांच्या चालीत, सावकाश."

"सावकाश म्हणजे वेळ लागणार," पाळकसाहेब बोलिले, आणि किंचित थांबून, "मी प्रवचन निम्मं करतो."

सेवक दाराशी उभा होता. प्रवचन निम्मे! या राज्यात ऐसे उद्गार कोणी ऐकिले नव्हते.

"आणि आमेन, साहेब?" तीतसरावांनी विचारिले.

"शेवटी. एकदाच. शपथ घालू नका, ते आपल्यात चालत नाही."

मग मार्थाबाईंस आठवले की पालुपद मुळी गायकांचे नव्हेच. बाबा तेथे पेटी थांबवीत आणि मंडळी एकटी गात असे. "आम्ही गप्प बसतो तिथे," बाई बोलिल्या. तीतसराव बोलिले, "तर मग बाकांवर एक माइक टांगावा लागेल." आणि लागलीच शिडी आणिली. धर्मपीठाने शिडी धरिली, गायनाने वायर दिली, आणि यंत्र तुळईपर्यंत चढिले. ऐसा देखावा पुन्हा दिसणे नाही. मग चहा आला, आणि त्याच बैठकीत कोण केव्हा उठणार, कोण कोणाकडे पाहणार, हे सर्व तिघांनी एकत्र बसून प्रथमच ठरविले.

दुसरे दिवशी सण जाहला. वेदीपुढे उसाची मोळी, बाजरीची कणसे, आणि पाय बांधलेली एक कोंबडी, तीही बहुत बोलकी. बाबा पहिल्या बाकावर, डोकीस काळे हेडफोन, शेजारी सुवार्ताबाई. पाळकसाहेबांनी प्रार्थना आरंभिली. दोन वेळा 'आमेन' ओठांवर आले, सर्वांस दिसले, आणि साहेबांनी दोन्ही वेळा गिळिले! मग शेवटचे एकच, खणखणीत. तीतसरावांनी गायकांस उघडिले, धर्मपीठ मिटावयाचे मात्र गडबडीत राहिले, पेटी लागली, मार्थाबाईंनी पहिले कडवे बाबांचे चालीत गाइले. आणि पालुपद येताच हात वर केला, आणि पथक गप्प जाहले.

आणि मंडळीही गप्प! इतके दिवस स्पीकरचे भरवशावर बसून ऐकण्याची सवय जडली होती. गावे आपण, हे कोणाचे ध्यानीच नाही. तबला थांबला. वर माइक टांगलेला, खाली एक कोंबडी तेवढी बोलते. बाबांनी डाव्या कानावर हेडफोन दाबिला, मुलीकडे पाहिले, तोंड उतरले. सेवकास वाटले, गेले! सर्व फुकट गेले!

तोच धर्मपीठावरून आवाज उठला:

"भरली कणगी, भरले अंगण, तुझेच देणे, देवा..."

पाळकसाहेब! एकटे! आणि सूर ऐसा की पेटीने कान झाकावे. कोठडीत तीतसरावांचा हात शिरस्त्याने धर्मपीठ मिटावयाचे बटणाकडे गेला, मार्थाबाईंनी व्यासपीठावरून दोन्ही हात हलवून "राहू द्या, राहू द्या!" म्हणून खुणावले, आणि तीतसरावांनी हात मागे घेतला, इतकेच नव्हे, आवाज चढविला! मंडळीत हसू फुटले, आणि हसता हसता पहिल्या बाकाने सूर धरिला, मग दुसऱ्याने, मग सेवकाने, मग दारातल्या चपलांजवळ उभ्या असलेल्यांनीही. म्हाताऱ्या, पोरे, नव्या सुना, सर्व. कौले थरथरली म्हणतात ते खोटे नव्हे. तीतसराव काचेआड उभे राहून गात होते, मार्थाबाई रडत होत्या, आणि पाळकसाहेब बेसूर ते बेसूरच, परंतु कोणास पर्वा!

बाबा हलले नाहीत. पद संपले तरी हेडफोन काढीनात. मग तिन्ही दौलती त्यांचेपाशी गोळा जाहल्या आणि पाळकसाहेबांनी वाकून मोठ्याने विचारिले, "बाबा, आलं का ऐकू?"

बाबा बोलिले, "आलं. कोंबडीसकट आलं." आणि डोळे पुसून बोलिले, "अरे, सगळा जन्म मी पेटीला कान लावून बसलो. बोटं चुकू नयेत म्हणून पेटीच ऐकली. माझी मंडळी गाते कशी, ते आज पहिल्यांदा ऐकलं."



सारांश, तह कायम जाहला. शनिवारी तीनही दौलती एकत्र बसतात, भांडतात, चहा घेतात. प्रवचन पुन्हा थोडे लांबले आहे. बाकांवरचा माइक मात्र कोणी उतरविला नाही. बाबा सोमवारी नागपुरास गेले. दर रविवारी पद लागले की तीतसराव फोन लावून तो मिक्सरशेजारी ठेवितात, आणि तिकडे सुवार्ताबाई तो बाबांचे डाव्या कानास धरितात. हे ठाऊक जाहल्यापासून या राज्यात कोणी ओठ मिटून बसत नाही.